केशवराव भोसले नाट्यगृह: "जळलं ते जळलं, आता दुसरीकडं मोठा हॉल बांधा" म्हणणाऱ्यांना

खासबागकर

परवा एका ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरत आला. आपल्याच कोल्हापुरातल्या माणसानं लिहिलेला दिसतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: केशवराव भोसले नाट्यगृह जळलं हे वाईट झालं, पण त्याच जागी तसंच परत उभं करायचा हट्ट म्हणजे लोकांच्या पैशाची उधळपट्टी आहे. नाटकं बघतं कोण? दर्शनी भिंत आठवण म्हणून ठेवा आणि गावाबाहेर भरपूर पार्किंगचा, लग्नापासून परिषदेपर्यंत सगळं होईल असा एसी हॉल बांधा. खाली अंगठ्यांची रांग लागलेली. ग्रुपवर चार ओळी खरडून माझं समाधान होणार नव्हतं, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

शाहू महाराज 1902 ला सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाच्या सोहळ्यासाठी लंडनला गेले, तेव्हा युरोप बघून आले. रोमचं कलोसियम त्यांच्या डोक्यात राहिलं. त्यातून खासबागेचं कुस्ती मैदान झालं आणि त्याला चिकटूनच 1913 ते 1915 या काळात पॅलेस थिएटर उभं राहिलं. युरोपात पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना करवीरचा राजा नाटकासाठी थिएटर बांधत होता. मैदान आणि थिएटर यांच्यामागं विचार एकच आहे. मैदानात सगळ्यात मागं बसलेल्या शेतकऱ्यालाही पैलवानाची पकड दिसली पाहिजे. थिएटरात कुठल्याही खुर्चीत बसा, मध्ये खांब नाही. 1957 ला थिएटरला गायक-नट केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. मैदान आणि थिएटर यांतलं एक उचलून गावाबाहेर नेलं की दुसरं निम्मं होतं. मैदानाचं व्यासपीठ नाट्यगृहाच्या पाठीला लागून आहे, आगीत तेही जळालं, यावरूनच कळायला हवं की ही दोन वेगळी बांधकामं नाहीत.

दुसरं, आवाज. बाल्कनीच्या अगदी शेवटच्या रांगेत बसून मी रंगमंचावरच्या बाईच्या बांगड्यांचा आवाज ऐकलाय. तिनं रागानं हातातलं ताट चौरंगावर ठेवलं आणि काचेच्या बांगड्या मनगटावरून खाली घसरल्या, तेवढाच तो आवाज. माझ्या शेजारचे आजोबा पुढं झुकून बसले. मेसेज लिहिणाऱ्यांनी हे एकदा जरी अनुभवलं असतं, तर त्यांनी पार्किंगपासून सुरुवात केली नसती.

तिसरं, "सगळ्यासाठीचा हॉल". असा हॉल कुठल्याच कामाचा राहत नाही. जेवणावळी घालायच्या म्हणून जमीन सपाट ठेवायची, म्हणजे पाचव्या रांगेनंतर नट कमरेपासून वरच दिसतो. रंगमंच भाषणापुरता, दोन विंगांत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशांत, माणूस आडवा उभा राहील एवढीच जागा. नेपथ्य वर ओढून घ्यायला उंची नसते. तिथं व्यावसायिक नाटकाचा सेट लागूच शकत नाही, मग मंडळी दौऱ्यात कोल्हापूर वगळतात आणि आपण म्हणतो, बघा, नाटकं येतच नाहीत.

आणि "नाटकं बघतं कोण?" याचं उत्तर: आग लागल्यापासून सांगली आणि इचलकरंजीच्या प्रयोगांना जी कोल्हापूर पासिंगच्या गाड्यांची गर्दी असते, त्या गाड्यांतले लोक बघतात.

व्हेनिसचं ला फेनिचे ऑपेरा हाऊस 29 जानेवारी 1996 ला जळून खाक झालं. लोकांनी ठरवलं, जसं होतं तसं आणि जिथं होतं तिथंच. 2003 ला उघडलं. मुंबईचं 1911 चं रॉयल ऑपेरा हाऊस वर्षानुवर्षं कुलपात होतं, 2016 ला परत सुरू झालं. म्हणजे हे होतं, करता येतं. आपल्याकडं त्याच जागी पुन्हा बांधायचं काम सुरू झालंय, तर ते नीट व्हावं यासाठी भांडूया. बंद करा कशाला?

रिंगरोड

खासबागकर साहेब, तो मेसेज माझा आहे. तुम्ही त्यातलं निम्मंच सांगितलंत. मी मुख्य प्रश्न विचारला होता तो असा: ज्या व्यवस्थेच्या हातात असताना ही वास्तू जळली, त्याच व्यवस्थेच्या हातात ती परत देणार का? कोटीनं खर्च करून दहा वर्षांपूर्वी नूतनीकरण झालं होतं ना? त्याचं काय झालं?

आणि तुम्ही जे बांधताय ते महाराजांचं थिएटर नाही. ते लाकूड जळालं, ते छप्पर जळालं, तो रंगमंच जळाला. उरल्या दगडी भिंती. त्यांच्या आत नवीन स्टील आणि नवीन प्लाय घालून त्याला 1915 म्हणायचं याला मी वारसा म्हणत नाही. वारसा जपायचाच होता तर जळायच्या आधी जपायचा होता.

पार्किंगवरून मला कमी लेखू नका. माझ्या वडिलांना नाटकाचं वेड. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना घेऊन गेलो तर त्या दिवशी शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच. मिरजकर तिकटीपासून पुढं गाडी हलेना. त्यांना खरी कॉर्नरला उतरवलं, ते पावसात काठी टेकत चालले, पहिला अंक अर्धा संपला होता. त्यानंतर ते म्हणाले, आता नको रे. ज्यांना नाटक खरंच बघायचंय त्या वयाच्या माणसांसाठी मी बोलतोय.

पेठेतला

रिंगरोड भावा, वडलांचं वाईट वाटलं, पन तेवढ्यासाठी थेटर गावाबाहेर न्यायचं? मॅच हाय म्हनून गाडी अडकली तर मॅचच्या दिवशी ट्रॅफिकचं बघा की. आमच्या पेठेतली पोरं चालत जात्यात नाटकाला. हायवेला हॉल केलास तर चालत कोन येनार? गाडी असनाऱ्यांनीच नाटक बघायचं व्हय?

8 ऑगस्टला आग लागली त्या रात्री मी तिथंच हुतो. लोकं रडत हुती. दुसऱ्या दिवशी 9 ऑगस्ट, केशवरावांची जयंती, त्याची तयारी चाललेली. नशिबानं आत प्रयोग नव्हता. ज्यांनी जन्मात तिकीट काढलं नव्हतं ती म्हातारी माणसं पन रस्त्यावर उभी राहून बघत हुती. हे तुझ्या कन्व्हेन्शन हॉलसाठी हुईल का सांग.

अबोली

मी हौशी रंगभूमीवर काम करते, त्यामुळे दोन्ही बाजूंना एक सांगायचंय. खासबागकर दादा, तुम्ही रंगमंचाबद्दल सुंदर लिहिलंत, पण सगळं प्रेक्षकाच्या खुर्चीतून लिहिलंत. पडद्यामागं काय असतं?

एका तालुक्याच्या गावी स्पर्धेचा प्रयोग होता. आम्ही सहा बायका, ग्रीनरूम एकच, दाराला आतून कडी नाही. एक जण पाठ लावून दार धरायची आणि बाकीच्या नऊवारी नेसायच्या. बाथरूम इमारतीच्या बाहेर, शालू सावरत अंधारातून जायचं. दुसऱ्या अंकात माझी एंट्री चुकली ती त्यामुळं. परीक्षकांनी गुण कापले, कारण त्यांना रंगमंचावरचंच दिसतं.

महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या नाट्यगृहांत कमी-जास्त हीच रड आहे. तेव्हा "जसं होतं तसं" ही घोषणा मला घाबरवते. 1915 ला रंगमंचावर बायका फारशा नव्हत्याच, बहुतेक स्त्रीभूमिका पुरुष करायचे. त्या काळच्या नकाशात आमच्यासाठी जागा कुठून असणार? समोरून तसंच ठेवा, मागून तसंच ठेवू नका.

खासबागकर

अबोलीताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, त्यावर माझा वादच नाही. प्रेक्षागृहाचा आकार आणि आवाज हा वारसा. ग्रीनरूम, संडास, वायरिंग, आग विझवायची यंत्रणा हे सगळं आजचं हवं.

रिंगरोड, देखभालीचा प्रश्न खरा आहे. पण ती व्यवस्था तुमच्या नव्या हॉलची देखभाल कशी करणार हे तुम्ही सांगितलं नाहीत. व्यवस्था तीच आहे, जागा बदलून ती सुधारत नाही.

डिमरबोर्ड

मी या धंद्यातला माणूस आहे. दौऱ्यावर लाइट आणि साउंड दोन्ही बघितलंय, त्यामुळं रोखठोक बोलतो. आवाजाचं कौतुक जरा आवरा. खासबागकरांनी बांगड्या ऐकल्या, ऐकल्या असतील. पण मला एक व्यावसायिक नाटक दाखवा जे आज कुठल्याही नाट्यगृहात माइकशिवाय होतं. पुढं फूट माइक, वर हँगिंग, अलीकडं कॉलर माइक. पेटी उतरवल्यावर पहिली चौकशी "साउंड कुठलाय" हीच असते. मग तो शंभर वर्षांपूर्वीचा ध्वनी परत आणायला खर्च कशाला?

षड्ज

डिमरबोर्ड, माइक लागतो याचं कारण नाट्यगृह नाही, नट आहे. आवाज फेकायला कुणी शिकवतच नाही. मालिकेत कुजबुजायची सवय लागलेला नट रंगमंचावर येतो आणि तिसऱ्या रांगेच्या पुढं त्याचं वाक्य जात नाही.

ज्यांचं नाव त्या नाट्यगृहाला आहे त्यांनी 8 जुलै 1921 ला मुंबईत संयुक्त मानापमान केलं, म्हणजे दोन नाटक कंपन्यांनी मिळून 'मानापमान' या संगीत नाटकाचा प्रयोग. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी, समोर तुडुंब गर्दी. माइक नव्हता. ऑर्गन आणि तबल्यावर गळा चढवून प्रत्येक पद शेवटच्या माणसापर्यंत पोचवलं. पुढं तीन महिन्यांत, 4 ऑक्टोबरला केशवराव गेले, अवघ्या 31 व्या वर्षी. त्यांच्या नावाच्या जागेत स्पीकरचे खांब लावून नाटक करायचं हे मला बघवत नाही.

डिमरबोर्ड

षड्जराव, नटांना शिव्या घालणं सोपं आहे. केशवरावांच्या वेळी वर पंखे गरगरत होते का? एसीचा घुंई आवाज होता का? बाहेर बुलेटचे फटाके होते का? प्रेक्षकांच्या खिशात फोन होते का? तेव्हाची रात्र शांत होती, म्हणून माणसाचा आवाज पुरायचा. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर आवाज सहा डेसिबलनं (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) उतरतो, हे गणित गवयाला पण लागू आहे आणि नटाला पण. भिंती आणि छत जेवढं परत देतील तेवढीच मदत.

जुलैमध्ये पत्र्याच्या छपराखाली प्रयोग केलाय कधी? आपल्याकडचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की नटानं बोंब मारली तरी ऐकू येत नाही. मी एका गावात प्रयोग अर्ध्यात थांबवलेला बघितलाय. नायिका रडत होती आणि प्रेक्षक "आवाज, आवाज" ओरडत होते. त्या पोरीला षड्जरावांनी शिकवायचं होतं.

षड्ज

वैयक्तिक होऊ नका. मी त्या मुलीबद्दल बोललो नाही. मी शिक्षणाबद्दल बोललो आणि त्यावर ठाम आहे. ज्या शहरात अल्लादिया खाँसाहेबांना दरबाराचा आश्रय मिळाला आणि देवल क्लब 1883 पासून गाणं जपतोय, त्या शहरात मोकळ्या गळ्याचा आग्रह धरणं हा गुन्हा आहे का?

रिंगरोड

तुमच्याच माणसानं माझा मुद्दा मांडला. माइक लागणारच असेल तर आवाज कुठंही चांगला करता येतो. मग तीच जागा, तोच आकार कशाला? डिमरबोर्ड, आभार.

डिमरबोर्ड

थांबा थांबा. माझ्या तोंडी तुमचा हॉल घालू नका. माइक लागतो म्हणजे खोलीचा आवाज कसाही चालतो, असं मी म्हटलेलं नाही. उलट आहे. खराब हॉलमध्ये माइकनं काम अजून बिघडतं. भिंतीवरून उशिरा परत येणारा आवाज शब्दावर शब्द चढवतो, माइक तोच आवाज पुन्हा उचलतो, व्हॉल्यूम वाढवला की शीळ घालतो. तुमच्या लग्नाच्या हॉलमध्ये भाषण ऐका. गुळगुळीत फरशी, काच, उंच सपाट छत. वक्ता बोलतो मराठी, मागं पोचतो नुसता गोंगाट.

चांगल्या नाट्यगृहात पहिले परतणारे आवाज एक विसांश सेकंदाच्या आत येतात. ते मूळ शब्दाला बळ देतात. त्यानंतर येणारे शब्द गढूळ करतात. म्हणून भिंतीचं अंतर, बाल्कनीच्या खालची उंची, छताचा उतार, रंगमंचाखालची पोकळी, लाकूड कुठं आणि गादी कुठं, हे सगळं महत्त्वाचं. बोलण्यासाठी सेकंदभर घुमणं पुरे, गाण्याला थोडं जास्त लागतं, आणि संगीत नाटकाला दोन्हींच्या मधलं. ते मधलं गाठणं सगळ्यात अवघड.

खासबागकर

मग माझा मुद्दा वेगळा काय होता? हेच तर सांगत होतो!

डिमरबोर्ड

वेगळा होता. तुम्ही म्हणालात तसंच बांधलं की आवाज येईल. नाही येणार. भिंती त्याच राहतील, पण छताचं सामान बदललं, खुर्ची बदलली, एसी आला, की खोली बदलली. दगडी भिंतीला आतून नुसता रंग मारला तरी फरक पडतो. मोजल्याशिवाय काम करणारा कंत्राटदार तुमच्या बांगड्या कायमच्या बंद करेल. तुम्ही दर्शनी कमानीसाठी मोर्चा काढाल आणि एसीच्या डक्टकडं, म्हणजे हवेच्या नळीकडं, कुणी बघणार नाही. डक्ट रुंद आणि हवा संथ ठेवली तर एसी गप्प बसतो. पैसे वाचवायला डक्ट बारीक केला की हवा शिट्टी मारत आत येते, आणि मग नटाला माइक घालावाच लागतो. खुर्ची अशी हवी की रिकामी असताना जवळपास माणसाइतकाच आवाज शोषेल, म्हणजे सोमवारचा निम्मा हॉल आणि रविवारचा हाऊसफुल्ल यांत फार फरक पडणार नाही.

षड्ज

हे आधी बोलला असता तर इतकं वाजलं नसतं. एवढ्यापुरतं मान्य. नटांबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

पेठेतला

आमच्याकडं लहानपनापासनं सांगत्यात की रंगमंचाखाली पान्याचा हौद हाय, त्यामुळं आवाज घुमतो. तो परत करनार का न्हाई?

डिमरबोर्ड

पाण्याचं श्रेय मी देणार नाही. लाकडी फळ्यांखाली पोकळी असली की फळी वाजते आणि पायाच्या ठेक्याला, तबल्याला भरीवपणा येतो. पोकळी भरून काँक्रीट ओतलं तर ते गेलं. मात्र त्या पोकळीत वायरिंगचे गुंते आणि जुने पडदे कोंबायचे नाहीत, ही अट.

जुनी रीळ

तुमचं चालू द्या, पण हे एकाच वास्तूचं दुखणं नाही. 1929 ला प्रभात फिल्म कंपनी या गावात सुरू झाली आणि 1933 ला पुण्याला गेली. आज त्या जागी एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था आहे आणि आपण इथं पाटीवर समाधान मानतो. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली त्या गावाची ही अवस्था. जयप्रभा स्टुडिओ वाचवायला लोकांना साखळी उपोषणाला बसावं लागलं. एक पडदा थिएटरं एकामागून एक बंद पडली तेव्हा कुणी ब्र काढला नाही. आज नाट्यगृहासाठी रडणाऱ्यांना मी विचारतो, तेव्हा कुठं होता?

पेठेतला

उपोषनाला हुतो. पुढं बोला.

अबोली

दादा, सिनेमाच्या थिएटरचं दुःख मलाही आहे, पण ते इथं आणून हा विषय पातळ करू नका. मघापासून माइकवर पानंच्या पानं झाली आणि ग्रीनरूमबद्दल एका ओळीत "आजचं हवं" म्हणून सगळे मोकळे झाले. कडी असलेलं दार, दोन स्वतंत्र खोल्या, आत बाथरूम, आरशाला नीट उजेड, लहान बाळ घेऊन येणाऱ्या कलाकारासाठी कोपरा, नेपथ्याचा टेम्पो थेट मागच्या दारापर्यंत. यातली एकही गोष्ट डेसिबलमध्ये मोजायची नाही, तरी कुणी यावर दुसरी ओळ लिहिली नाही.

रिंगरोड

ताई, तुमच्या यादीवर माझी सही घ्या. आणि त्यात प्रेक्षकांसाठीही घाला: रॅम्प, लिफ्ट, आणि म्हाताऱ्या माणसाला दारात उतरवायची सोय. गाडी लांब लावायला लागली तर लावेन, पण वडील दारात उतरले पाहिजेत.

जागेबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण काम सुरूच झालंय आणि तिथंच होणार आहे, तर निदान रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये खाली येणारा आगरोधक पडदा घाला. शिकागोत 1903 ला इरॉक्वॉय थिएटरमध्ये प्रयोग चालू असताना आग लागली आणि तो पडदा मध्येच अडकला. सहाशेच्या आसपास माणसं मेली, बरीचशी बंद दारांपाशी. आपल्याकडं आत कुणी नव्हतं म्हणून वाचलो. आपण सगळे कमान आणि बांगड्या बोलतोय, बाहेर पडायची दारं कुठल्या बाजूला उघडणार हे कुणी विचारलंय का?

खासबागकर

दारं बाहेरच उघडली पाहिजेत आणि प्रयोगात कुलूप नको, हे मला तुमच्याइतकंच पटतं. यासाठी तुमच्याशी भांडण नाही. भांडण "नाटकं बघतं कोण" या वाक्याशी होतं आणि ते तुम्ही अजून मागं घेतलं नाहीत.

रिंगरोड

ते वाक्य मी त्या दिवशीच्या रागात लिहिलं. माझ्याच घरात नाटक बघणारा माणूस आहे. पुढं जाऊया.

डिमरबोर्ड

तर मग एक काम करा. महापालिकेला निवेदन द्यायचंय ना? त्यात भावना एका परिच्छेदात आवरा आणि मागण्या लिहा. ध्वनितज्ज्ञ नेमला आहे का आणि त्याचा अहवाल लोकांना बघायला मिळेल का. छत बंद करायच्या आधी आणि खुर्च्या बसवल्यावर, अशी दोनदा मोजणी. एसी चालू असताना रिकाम्या हॉलचा आवाज किती असेल याचा आकडा करारात. रंगमंचाखाली काँक्रीट नाही. आगरोधक पडदा, बाहेर उघडणारी दारं. अबोलीताईंची यादी जशीच्या तशी. मसुदा मी करतो, षड्जरावांनी भाषा बघावी.

षड्ज

बघतो. आणि उद्घाटनाचा पहिला प्रयोग संगीत नाटकाचा, माइकशिवाय, ही मागणी मी घालणार आहे.

डिमरबोर्ड

घाला. एसी त्या दिवशी बंद ठेवायचा हेही त्याच ओळीत लिहा, म्हणजे माझा विरोध नाही.